पाण्यावर रडा

नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावर पोरांना पोहायला शिकवण्यात जिचा सगळा जन्म गेला, त्या बाईला गावात खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. लहानथोर सगळ्यांच्या त्या मास्तरीणबाई. शिट्टी गळ्यात, टॉवेल खांद्यावर आणि आवाज असा, की तलावाच्या या टोकाला रागावल्या तर त्या टोकाचं पोर पाय मारायला लागायचं.

निवृत्त झाल्या आणि घरात बसून त्यांचा जीव उबून गेला. कपाटं आवरून झाली, कुंड्या रंगवून झाल्या. शेवटी यजमानांच्या चष्म्याची जागासुद्धा त्या ठरवायला लागल्या, तेव्हा यजमान म्हणाले, "तू कुठेतरी जा. मी इथे सुखाने आंधळा होईन."

भाची परदेशात एका दवाखान्यात परिचारिका होती. दवाखान्याच्या जवळच मुलांचं एक अनाथालय होतं आणि तिथे चार महिने बिनपगारी काम करणारं माणूस हवं होतं. धुणं, अंथरुणं, लहानांच्या आंघोळी, असलं काम. भाचीने सहज म्हणून सांगितलं आणि मास्तरीणबाईंनी सहजच हो म्हटलं.

नणंदबाईंनी मात्र डोळे मोठे केले. "पोरंच सांभाळायची तर नातू काय वाईट आहे? सातासमुद्रापार कशाला जायला पाहिजे?"

"नातवाला आई आहे, बाप आहे, आणि तुम्ही आहात," मास्तरीणबाई म्हणाल्या. "एवढ्यांत माझी भर कशाला?"

आणि त्या गेल्या.

अनाथालय एका मोठ्या तळ्याच्या काठावर होतं. बैठी, लांबलचक इमारत, पुढे अंगण, मागे धुणीघर. धुणीघराच्या खिडकीतून सगळं तळं दिसायचं, पण मध्ये पुरुषभर उंचीची तारेची जाळी होती आणि जाळीच्या फाटकाला कुलूप. संस्थेच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, किल्ली स्वतःच्या कमरेला लावून हिंडायच्या. उंच, सडपातळ, कमी बोलणाऱ्या बाई. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "पाण्याजवळ कुणी जायचं नाही. तीन वर्षांपूर्वी आमची एक मुलगी तिथे बुडाली." एवढंच बोलून त्या चादरी कुठे वाळत घालायच्या ते दाखवायला लागल्या.

मास्तरीणबाईंनी मान डोलावली. परक्या घरात आल्या आल्या शहाणपण शिकवायचं नाही, एवढं त्यांना कळत होतं.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जे पाहिलं त्याने त्यांच्या हातातला पिळा तसाच राहिला. फाटक उघडलं, शाळेत जाणारी सगळी मुलं रांगेने धक्क्यावर गेली आणि एका होडीत बसली. शाळा तळ्याच्या पलीकडे. रस्त्याने जायचं तर तळ्याला अख्खा वळसा. म्हणून रोज सकाळी जायचं आणि दुपारी यायचं, होडीने. म्हातारा नावाडी वल्ही मारतोय आणि होडीत तरंगायची नारिंगी जाकिटं घातलेली थोडी पोरं, बाकीची तशीच.

मास्तरीणबाईंनी आठवडाभर तोंडाला कुलूप घातलं. आठव्या दिवशी ते निघालं. मोठ्या बाई धुणीघरात साबण द्यायला आल्या होत्या.

"तुम्ही यांना पाण्यापासून लांब ठेवता," मास्तरीणबाई आपल्या तोडक्यामोडक्या भाषेत म्हणाल्या, "आणि रोज पाण्यावरच पाठवता. मला चादरी धुता येतात, पण मला खरं म्हणजे पोहायला शिकवता येतं."

मोठ्या बाईंनी साबण खाली ठेवला. मग म्हणाल्या, "त्या मुलीला मीच फाटक उघडून दिलं होतं. पाय भिजवायला."

मास्तरीणबाईंनी हातातली चादर खाली ठेवली. त्यांनी नुसती एक बादली उपडी करून बाईंना बसायला दिली. बाई बसल्या. उठताना म्हणाल्या, "कमरेइतक्या पाण्याच्या पुढे नाही. दोर बांधायचा. आणि मी काठावर बसणार."

शिकवणी सुरू झाली ती तळ्यात नव्हे, धुणीघरात. टबात तोंड घालून बुडबुडे काढायचे. पहिल्या दिवशी पोरांनी एकमेकांना इतकं भिजवलं, की मास्तरीणबाईंना जमीन पुसून चादरी परत धुवाव्या लागल्या. मग तळ्याचा उथळ भाग, काठाच्या खुंटापासून बांधलेला दोर, आणि एक एक पोर उताणं.

"पाण्याशी भांडायचं नाही," त्या सांगायच्या. "भांडलात की ते जिंकणार. त्याच्यावर रेलायचं, उशीवर रेलतो तसं. पोट वर, कान पाण्यात, डोळे आभाळाकडे. आणि आता निजा."

आता गंमत अशी, की तिथल्या भाषेत 'निजा' आणि 'रडा' या दोन शब्दांत काना-मात्रेइतकाच फरक. मास्तरीणबाई पोरांच्या डोक्याखाली हात धरून मोठ्या मायेने ओरडत होत्या, "रडा. पाण्यावर निवांत रडा. घाबरू नका, मी आहे, रडा." पोरं हसून हसून नाकातोंडात पाणी घ्यायला लागली. स्वयंपाकघरातल्या आचारीणबाईंनी त्यांना बाजूला घेऊन चूक सांगितली तोवर उशीर झाला होता. पोरांना 'रडा'च आवडलं होतं. उताणं तरंगायचं म्हणजे रडायचं, असं एकमताने ठरून गेलं.

एकच मुलगी पाण्यात उतरत नव्हती. सगळे तिला फौजदार म्हणायचे. बारा-तेरा वर्षांची, दोन घट्ट वेण्या, आणि लहान पोरांवर जरब अशी, की जेवणाच्या टेबलावर ती आली की वाटाण्याचे दाणे उडायचे थांबत. शिकवणीच्या वेळी ती मोठ्या बाईंच्या खुर्चीशेजारी ताठ उभी राहायची.

एका दुपारी मास्तरीणबाई तिच्याजवळ काठावर टेकल्या, पाय पाण्यात सोडून.

"तू का येत नाहीस?"

"काठावर कुणीतरी थांबायला पाहिजे."

"मोठ्या बाई आहेत की."

 फौजदार पाण्याकडेच बघत म्हणाली, "त्या दिवशी मी इथेच होते. ती खाली गेली. मी नुसत्या हाका मारत राहिले. पाण्यात गेले नाही."

"पोहता येत होतं तुला?"

"नाही."

"मग गेली असतीस तर त्या दिवशी दोघी गेल्या असत्या," मास्तरीणबाई म्हणाल्या. "न पोहणाऱ्या माणसाने हाकाच मारायच्या असतात. माझ्या तलावावर पहिला धडा हाच असायचा. तुला कुणी न शिकवता तो येत होता. आता बाकीचे शिक."

पोरीने त्यांच्याकडे पाहिलं. खरं बोलतात की समजूत घालतात, ते तपासल्यासारखं. मग बुटांच्या नाड्या सोडल्या. त्या दिवशी ती घोट्यापर्यंत आली. दुसऱ्या दिवशी गुडघ्यापर्यंत. आणि एकदा पाठ टेकली पाण्याला, मग मात्र तिने मागे वळून पाहिलं नाही. पाय मारणं, कूस बदलणं, दुसऱ्याची हनुवटी धरून त्याला ओढत आणणं, सगळं ती शिकली, आणि आपण शिकलो की लगेच लहानांवर लादायला लागली. काही आठवड्यांत मोठ्या बाईंनी कमरेइतक्या पाण्याची अट गळ्याइतकी केली. तसं त्या म्हणाल्या नाहीत. फक्त दोर लांब आणून दिला.

उन्हाळा आला. तळ्याचं पाणी उतरलं. एरवी खोल असलेला एक बुडालेला झाडाचा बुंधा पाण्याच्या पृष्ठभागाच्या अगदी खाली आला, आणि ते कुणालाच दिसलं नाही.

दुपारची वेळ. मास्तरीणबाई तोंडात चिमटे धरून चादरी वाळत घालत होत्या. आचारीणबाई स्वयंपाकघरातून पळत आल्या. त्यांनी नुसता तळ्याकडे हात केला. धक्क्यापासून बऱ्याच अंतरावर, ऐन खोल पाण्यात होडी त्या बुंध्यावर आपटून एका अंगावर आडवी झालेली.

मास्तरीणबाई धावल्या. त्या वयात, त्या गुडघ्यांनी इतकं धावता येतं हे त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं. मोठ्या बाई त्यांच्याही पुढे. धक्क्यावर पोचून दोघींनी चपला भिरकावल्या, दोघी पाण्यात शिरल्या, आणि छातीइतक्या पाण्यात थबकल्या.

कारण समोर सगळी पोरं उताणी पडली होती. हात पसरलेले, पोटं वर, तोंडं आभाळाकडे. जणू कुणी तळ्यावर अंथरुणं घातली आहेत. आणि त्यांच्यामधून फौजदार फिरत होती. ज्यांना वल्ह्यापर्यंत ओढायचं त्यांना ओढत होती, ज्यांना होडीच्या कडेला लावायचं त्यांना लावत होती, आणि तिचा आवाज काठापर्यंत खणखणीत येत होता. "हलायचं नाही. रडा. सगळ्यांनी रडा."

नावाडी होडीला मिठी मारून ओरडत होता. सगळा जन्म पाण्यावर काढला, पण म्हाताऱ्याला पोहता येत नव्हतं. शेजारी तरंगणारी एक चिमुरडी त्याला समजावत होती, "आजोबा, ओरडू नका, रडा. मजेत रडा." आणि आजोबा खरोखरच रडत होते.

पलीकडून मासेमारांच्या दोन होड्या आल्या. त्यांनी एक एक पोर वर घेतलं. मोठ्या बाईंनी धक्क्यावर सगळ्यांना मोजलं, मग परत मोजलं, मग प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून आणखी एकदा. सगळी होती. फौजदार सर्वांत शेवटी आली, तीही होडीत न बसता, पोहत.

मास्तरीणबाई अजून छातीभर पाण्यातच उभ्या होत्या. त्यांना करायला काहीच उरलं नव्हतं. आयुष्यभर शिकवून एवढा आनंद त्यांना कधी झाला नव्हता.

फौजदार त्यांच्याजवळ येऊन उभी राहिली, दम लागलेला, एक वेणी सुटलेली. म्हणाली, "हाका पण मारल्या मी."

"ऐकल्या," मास्तरीणबाई म्हणाल्या. "गावभर ऐकू गेल्या असतील." आणि पोरीला त्यांनी घट्ट जवळ घेतलं.

संध्याकाळी त्यांनी घरी फोन लावला. यजमानांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "परतीचं तिकीट पुढे ढकल. माझा चष्मा सापडतोय मला."

त्या आठवड्यात पलीकडच्या गावातून आया आपापली पोरं घेऊन आल्या. शाळेच्या मास्तरांनी विचारलं, आमचीही मुलं पाठवू का. नावाडी टोपी हातात घेऊन फाटकाशी आला आणि लाजत म्हणाला, "म्हाताऱ्यांना शिकवता का?" मोठ्या बाईंनी त्याला आत घेतलं आणि स्वतःही त्याच्या मागोमाग पाण्यात उतरल्या, जुन्या झग्यासकट. काठावरच्या पोरांनी टाळ्या पिटल्या. खुर्ची रिकामीच राहिली. पुढे तिच्यावर टॉवेल वाळत घालायला लागले.

मास्तरीणबाई चार महिन्यांसाठी गेल्या होत्या, वर्षाने परतल्या. फाटक त्या असतानाच काढलं गेलं होतं, बिजागऱ्यांसकट. फौजदार आता त्या तळ्यावर शिकवते. गावोगावची पोरं तिच्याकडे येतात, आणि त्या काठावर उताणं तरंगायला आजही दुसरा शब्द नाही.