डोळ्यांच्या कडेच्या चुण्या

लेक बंगळूरला नोकरीला. तिचे बाबा गेल्यापासून ती रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करते आणि पहिला प्रश्न ठरलेला, "आई, झोपली नाहीस का?" झोपले होते की! डोळ्यांच्या कडेला चुण्या पडल्यात, त्याला मी काय करू? पण तिच्या डोक्यात एकच, राजीनामा द्यायचा आणि नाशिकला येऊन माझ्यापाशी बसायचं. एवढ्या खटपटीने मिळालेली नोकरी माझ्या तोंडाकडे बघून सोडणार! माझा जीव थाऱ्यावर राहिना.

शेवटी स्कूटी काढली आणि कॉलेज रोडचं स्किन क्लिनिक गाठलं. धाकट्या जावेला कुणकुण लागलीच. "ताई, पिच्चरमधी काम मिळालं का काय?"

"हो, सासूचं," मी म्हटलं.

डॉक्टर पोरसवदा मुलगी होती. म्हणाली, "गाल छान आहेत तुमचे." असणारच. द्राक्षबागेत सगळा जन्म तोंडाला ओढणी गुंडाळून गेला, उन्हात किलकिले करायला डोळे तेवढे उघडे. क्रीमने फरक पडायला महिने लागतील, लेझरने काही दिवस कातडी लाल दिसेल, असं तिने समजावलं. लाल तोंड लेकीला कसं दाखवू? राहिलं बोटॉक्स.

"पण हसताना डोळ्यांच्या कडा पूर्वीसारख्या आवळणार नाहीत. चालेल?"

"मला हसून कुठे जायचंय," मी म्हटलं आणि सुया टोचून घेतल्या.

मग काय, दिसला आरसा की वाक. स्कूटीचा आरसा, कपाटाचा आरसा, डब्याचं चकचकीत झाकणसुद्धा सोडलं नाही. हळूहळू कडा गुळगुळीत झाल्या. रोज दिव्याखाली बसून मी कॉलवर तोंडभर हसायची. लेक टक लावून बघायची, "बरं" म्हणायची आणि फोन ठेवायची. झोपेचा प्रश्नही बंद झाला. जिंकले म्हणून मी खूश.

आणि एका सकाळी ती बॅग घेऊन दारात! आत येताच माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं.

"हस."

हसले.

"काय झालंय तुला? खरं सांग."

सांगितलं. ती धपकन खाली बसली.

"आई, बाबा गेल्यापासून तू फोनवर रोज हसतेस. त्यातलं खरं किती, मला कळत नाही का? खरं हसलीस की इथं चुण्या पडायच्या. कधीमधी पडायच्या, पण पडायच्या. त्या बघून मी तिकडे टिकले होते. मग एकही दिसेना."

मला रडूच फुटलं.

राजीनामा तिने अजून दिलेला नाही. तीन-चार महिन्यांत इंजेक्शनचा परिणाम उतरतो म्हणे, तोवर इथूनच काम करते म्हणाली. सकाळी मी आरशासमोर उभी राहिले की लॅपटॉपमागून विचारते, "आली का एखादी?" काल डाव्या डोळ्याशी एक बारीकशी दिसल्यासारखी वाटली. आनंद झाला. पण चुण्या आल्या की ही जाणार, हे आठवलं आणि मी तिला काहीच सांगितलं नाही.