तात्यांच्या मेंडोलिनचं टॅब

मनीषाताईंनी डावा हात माझ्या टेबलावर ठेवला. करंगळी सुजून लाल झाली होती.

“सर, ही चौथ्या फ्रेटवर दाबून धरायची आन् बाकीची बोटं पार वर न्यायची. हितंच अडकतंय बघा. माझ्याच्यानं न्हाय व्हायचं हे.”

“सराव वाढवा,” मी म्हणालो. शिक्षकाला काही सुचेनासं झालं की तो हेच सांगतो. जत्रा तोंडावर आली होती आणि मला खरंच काही सुचत नव्हतं.

बारामतीत माझा गिटारचा क्लास आहे. मनीषाताई लासुर्ण्याच्या, लोणी देवकरला एका कंपनीत पॅकिंगला आहेत. त्यांचे वडील तात्या गावच्या भजनी मंडळात मेंडोलिन वाजवायचे. मेंडोलिन हे गिटारचं धाकटं भावंड. तारा आठ, पण जोडीजोडीनं लावलेल्या, म्हणजे धरायच्या चारच. तात्यांना अर्धांगाचा झटका आला. डावा हात गेला, वाचा गेली. मंडळाचे प्रमुख आबा, स्वतः पेटी वाजवतात. त्यांनी तात्यांच्या जागी कीबोर्डवाला आणायचं ठरवलं. मनीषाताई मध्ये पडल्या. मी वाजवते म्हणाल्या. लहानपणी वडिलांजवळ बसून चार-दोन चाली वाजवल्या होत्या, तेवढ्या भांडवलावर.

आबांनी अट घातली. “जत्रंच्या भजनात तात्याची सुरावट वाजवून दाव. जमलं तर जागा तुझी. न्हाय तर कीबोर्डवाल्याला सांगूनच ठेवलंय.”

ती सुरावट कुठं लिहिलेली नव्हती. मोबाईलमधलं एक जुनं रेकॉर्डिंग होतं, बस्स. ते ऐकून टॅब करून देणं हे माझं काम. टॅब ही तारवाद्यांची सोपी लिपी आहे. प्रत्येक तारेची एक रेघ, रेघेवर आकडे. वाद्याच्या दांडीवर ज्या आडव्या धातूच्या पट्ट्या असतात ते फ्रेट. टॅबमधला आकडा सांगतो कितव्या फ्रेटवर बोट ठेवायचं. शून्य असेल तर बोट ठेवायचंच नाही, तार मोकळी छेडायची. सूरज्ञान नसलेला माणूसही आकडे बघून वाजवू शकतो.

सॉफ्टवेअर निवडण्यातच माझा घाम निघाला. पहिलं होतं आपोआप लिहिणारं. रेकॉर्डिंग द्या, टॅब घ्या. मेंडोलिनवर सूर लांबवायला एकच तार भराभर छेडतात. त्या शहाण्यानं प्रत्येक छेड वेगळी धरून पानंच्या पानं भरली. मागच्या टाळांनाही त्यानं आकडे दिले. दुसरं उत्तम होतं, पण नेटशिवाय उघडत नव्हतं, आणि मनीषाताईंच्या घरी रेंजसाठी गच्चीवर जावं लागतं. तिसरं फुकटचं. आकडे हातानं लिहावे लागायचे, पण ते वेग कमी करून ऐकवायचं, छापून द्यायचं, मोबाईलवर नेटशिवाय वाजायचं. तेच घेतलं.

उघडल्या उघडल्या त्यानं वाद्य विचारलं. मी मेंडोलिन निवडलं. ट्यूनिंग, म्हणजे कुठली तार कुठल्या सुरात लावायची, ते त्यानं स्वतःच भरलं. सगळीकडे चालतं ते नेहमीचं ट्यूनिंग. ‘हेच ठेवू की बदलू?’ असंही विचारलं. तात्यांच्या वाद्याच्या तारा गंजल्या होत्या म्हणून दुकानदारानं नव्या टाकल्या, त्यानंही तसंच लावून दिलं होतं. दोन्ही जुळत होतं. मी ‘नेक्स्ट’ दाबलं.

आणि आता ही सुजलेली करंगळी माझ्यासमोर होती.

“तात्या काय म्हणतात ऐकून?” मी विचारलं. त्यांना बोलता येत नाही हे विसरून.

मनीषाताईंनी टेबलावरचा हात मागे घेतला. “मी वाजवाया बसले की भिताडाकडं तोंड फिरवत्यात. लेकीनं त्यांच्या जागंवर बसावं हे आवडत नसंल. सर, आबांला न्हाय म्हणून सांगू का?”

“दोन दिवस थांबा,” मी म्हणालो. थांबून मी काय करणार होतो ते मलाच माहीत नव्हतं. त्या गेल्या. ही जागा गेली तर त्यांच्या बोटांमुळे नव्हे, माझ्या कागदामुळे जाणार होती.

हेडफोन लावून रेकॉर्डिंग निम्म्या वेगानं पुन्हा ऐकायला बसलो. चाल मला पाठ झाली होती, म्हणून यावेळी चाल सोडून बाकीचं ऐकलं. तिच्या खाली एक सूर सतत वाजत होता. सा. बोटं वर गेली तरी तो होता, खाली आली तरी होता. मी लिहिलेल्या टॅबमध्ये तो चौथ्या फ्रेटवर येत होता, करंगळीखाली. इतका वेळ करंगळी दाबून कुणी वाजवत नाही. तात्यांनी बोट लावलेलंच नव्हतं. ती मोकळी तार होती.

भजनातला माणूस तारा पेटीशी मिळवणार, सा-प-सा-प. दुकानातल्या ट्यूनिंगशी त्याला काय करायचंय?

सॉफ्टवेअरमध्ये ट्यूनिंग बदललं. त्यानं विचारलं, सूर तेच ठेवू की आकडे तेच ठेवू? घाईत आकडे म्हणालो. असं काही भेसूर वाजलं की खुर्चीतून उठलोच. मागे घेतलं आणि सूर म्हणालो. करंगळीखालच्या त्या सगळ्या चारच्या आकड्यांचे शून्य झाले.

तरी हा माझा अंदाजच होता. पुन्हा चुकलो तर दुरुस्तीला वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी गाडी काढून लासुर्ण्याला गेलो.

तात्या भिंतीकडे तोंड करूनच पडले होते. मी खाटेजवळ बसून तारा सैल केल्या आणि नव्यानं लावायला घेतल्या. आबांच्या पेटीची पहिली काळी पट्टी हा सा धरला, दोन जोड्या सा, दोन जोड्या प. सगळ्या तारा मोकळ्याच छेडल्या.

तात्यांनी मान वळवली. उजव्या हाताचा अंगठा आणि बोट चिमटीसारखी जुळली आणि गोधडीवर भराभर थरथरू लागली. ते वाजवत होते.

“तात्या, असं लावायचं व्हतं व्हय?” मनीषाताईंनी विचारलं.

त्यांनी होय म्हणून मान हलवली. डोळे वाहत होते. मनीषाताई त्यांच्या छातीवर डोकं ठेवून रडल्या. मी तारा पुसत बसलो, कारण मलाही आवरत नव्हतं.

काळजी मिटली नव्हती. जुना सराव वाया गेला होता. सगळी बोटं नव्यानं बसवायची होती, आणि कंपनीत सुट्टी मिळेना. जत्रेच्या संध्याकाळी मी मंडपाच्या खांबाला धरून उभा होतो. तात्यांना पुढे खुर्चीत बसवलं होतं.

मनीषाताईंनी सुरुवात ठीक केली. मग पंख्याच्या वाऱ्यानं टॅबचा कागद उलटला. हात थबकला. आबांनी पेटीवरून डोळे वर केले. मनीषाताईंनी कागदाकडे बघायचं सोडलं आणि तात्यांकडे पाहिलं. त्यांची चिमूट मांडीवर चालू होती, जराही न थांबता. त्या चिमटीच्या लयीवर त्या वाजवत गेल्या. शेवटपर्यंत.

आबांनी पेटीचा भाता बंद केला. “उद्यापास्नं हितं, माज्या डाव्या अंगाला बसायचं,” ते म्हणाले. “आन् त्यो कागुद घरी ठिवायचा.”

मनीषाताई आता दर गुरुवारी मंडळात वाजवतात. मी अजून तेच सॉफ्टवेअर वापरतो, चांगलं आहे. निदान त्यानं पहिल्याच स्क्रीनवर ट्यूनिंग विचारलं होतं. आम्ही तात्यांना बोलता येत नाही म्हणून काही विचारलंच नव्हतं.