वडिलांच्या फोटोवर फवारणी

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो, आणि हे सांगताना मला आजही बरं वाटतं. वडिलांचा जन्म मेंढरांमागं गेला. ते वारले तेव्हा त्यांचा धड असा एकच फोटो निघाला, आळेफाट्याच्या एका लग्नात चुलतभावानं मोबाईलवर काढलेला. पांढरा सदरा, लाल पटका, आणि कुणी हाक मारल्यावर वळून बघावं तशी मान. तो मोबाईल नंतर मोडीत गेला. घोडेगावच्या ज्या दुकानात फोटो छापून घेतला, तिथला कॉम्प्युटरही पुसला गेला. राहिला तो फ्रेममधला, इंकजेटवर छापलेला कागद.

आईनं फ्रेम दारासमोरच्या भिंतीला लावली. शिनोलीच्या अलीकडं आमचं घर, दार पूर्वेला. सकाळचं ऊन उंबरा ओलांडून सरळ फोटोवर येतं. सुरुवातीला कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग एका दिवाळीला घरी गेलो तर पटका विटकरी दिसला. पुढच्या खेपेला पिवळट. गालांवरचा रंग तर असा गेला होता की वाटावं, वडील कितीतरी दिवस आजारी आहेत.

"तुजं वडील दिसंना झाल्यात रं," आई म्हणाली. "तू शिकलाय ना ह्येच्यातलं? कायतरी मार की त्येच्यावर."

'मार' म्हणजे औषध मार. आमच्याकडं टोमॅटोवर, कांद्यावर, सगळ्यावरच मारतात.

पुण्याला परत गेल्यावर मी वाचून काढलं. इंकजेटची शाई उन्हानं आणि हवेनं उडते. त्यावर एक पारदर्शक थर देता येतो, स्प्रेच्या डब्यातून. हवा अडते, उन्हातला वाईट भाग थोडा अडतो, ओल कमी लागते. डबा ऑनलाइन मागवला. आधी दुसऱ्याच एका प्रिंटवर मारून बघितला, शाई फुटली नाही. मग घरी गेलो आणि आईला नीट सांगितलं, यानं गेलेला रंग परत येत नाही, आहे तो जास्त दिवस राहतो. डॉक्टरपुढं बसल्यावर माणूस हलवतो तशी तिनं मान हलवली.

सकाळी वारा नव्हता. फ्रेम उघडून फोटो ओट्यावर पाटावर ठेवला, मऊ ब्रशनं धूळ झाडली, नाकाला रुमाल बांधला. तेवढ्यात शेजारून चुलते आले.

"काय रं, बापावर औषध मारतोय व्हय? माजा पंप आणू का?"

"काका, वार्निशसारखा थर आहे हा. ऊन अडवतो."

"मग माज्या टमाट्याला बी दे की थोडा. लई करपलीत यंदा."

"हसा तुमी," आई म्हणाली. "माज्या पोराला कळतंय त्यातलं."

छाती थोडी फुगलीच माझी. वीतभर लांबून, हात थांबू न देता, पातळ थर दिला. वाळू दिला. मग आडवा दुसरा, मग तिसरा. कुठं थेंब नाही, कुठं ओघळ नाही. काम चोख झालं होतं, हे मी आजही म्हणेन. दुपारी फोटो पुन्हा भिंतीला लागला. आई पदरानं चष्मा पुसत समोर उभी राहिली.

"अजून न्हाई आला," ती म्हणाली.

"काय?"

"रंग."

"आई, सांगितलं ना तुला, रंग येत नसतो त्यानं."

"आज न्हाई म्हन. टमाट्याला बी चार दिस लागत्यात की."

चुलत्यांनी तंबाखू मळायची थांबवली. "वहिनी, करपल्यालं पान हिरवं व्हत न्हाई. झाडाला नवं पान येतं."

"ह्येंना कुटनं यायचं नवं पान?"

चुलते तंबाखू तोंडात टाकून ओट्यावर गेले.

मला ते सोसेना. मोबाईलवर फोटोचा फोटो काढला आणि घोडेगावला गेलो. दुकानातला पोरगा स्क्रीनवर रंग चढवत होता. पटका लाल केला, सदरा पांढरा केला. मग मला विचारलं, "भाऊ, चेहरा कसा होता? सावळा की तांबूस? किती ठेवू?"

मला सांगता येईना. मी वसतिगृहात वाढलो, वडील मेंढरं घेऊन घाटाखाली. आमची गाठ पडायची ती सणासुदीला, आणि तेव्हा बापाच्या चेहऱ्याचा रंग कोण बघतो? "ठेव अंदाजानं," म्हणालो. त्यानं अंदाजानं ठेवला, जरा उजळच.

आईनं नवा फोटो उजेडात धरला. "ह्यो कोन पावना?" म्हणाली, आणि माझ्या हातात परत दिला.

मग उरला एकच उपाय, फोटो उन्हातून काढायचा. मी म्हणालो, आतल्या खोलीत लावू, तिथं अंधार असतो.

"अंदारात? त्येंला काय झालंय अंदारात ठिवायला? जलमभर उगड्यावर निजलं त्ये."

"आई, उन्हात असाच राहिला तर पुढं तोंडसुद्धा दिसायचं नाही. थर दिलाय, पण थरानं किती अडणार?"

"तू मारलंयस ना औषध? मग."

शेवटी मी एक सुती कापड आणून फ्रेमवर पडद्यासारखं लावलं. सकाळी सोडायचं, ऊन सरकलं की वर करायचं.

दुसऱ्या दिवशी पुण्याची गाडी धरायला लवकर निघालो. ओट्यावर बूट घालताना आत बघितलं. कापड वर खिळ्याला टांगलेलं होतं, ऊन वडिलांच्या तोंडावर आलं होतं, आणि आई भिंतीला टेकून त्यांच्यासमोर चहा पीत बसली होती.

"आई, कापड," मी म्हणालो.

"व्हय, व्हय," ती तिकडंच बघत म्हणाली. "तू नीग. यष्टी जाईल तुजी."

मी निघालो.