पुजलेला उंबरठा आणि डोमाभाऊंचा पाट

"उंबरठ्यावर करवत चालवाची नाई, साहेब. पुजला हाय तो," कवडू मिस्त्री म्हणाले आणि करवत भिंतीला टेकवून खुशाल तंबाखू मळत बसले. मला मात्र घाई होती. उद्या सकाळी सिव्हिल सर्जन यायचे होते.

सिंदेवाहीजवळच्या एका गावात आम्ही दवाखाना बांधत होतो. मी ओव्हरसियर, म्हणजे काम नकाशाप्रमाणे होतंय का ते पाहणारा, आणि नाही झालं तर शिव्या खाणारा. औषधाच्या पुड्या बांधायला तिथल्या डॉक्टरांनी गावातल्या डोमाभाऊंना घ्यायचं ठरवलं होतं. सागाचा ओंडका अंगावर येऊन त्यांचे दोन्ही पाय गेले होते. चाकं लावलेल्या पाटावर बसून, हातांनी जमीन रेटत ते फिरायचे. घरात बायको आणि म्हातारी आई, दुसरी मिळकत नाही. सर्जनसाहेबांची अट एकच होती: माणूस स्वतःच्या बळावर आत आला पाहिजे. आणि आमचा उंबरठा चांगला वीतभर उंच. साप-विंचू आत येऊ नयेत म्हणून इकडे तसाच ठेवतात.

शेवटी उंबरठ्याला हात न लावता दोन्ही बाजूंनी सागाच्या फळ्यांचा उतार केला. सिमेंट वाळायला वेळच नव्हता. दार आत उघडताना फळ्यांना अडू लागलं, तेव्हा ते खालून कापायचं ठरलं. "दाराले कितीबी कापतो," म्हणत मिस्त्री लगेच उठले. संध्याकाळी डोमाभाऊ चढले, उतरले, हसले. माझा जीव भांड्यात पडला.

सकाळी येऊन पाहतो तर उतार हिरवागार आणि ओला! शेजारच्या भागरताबाई आणि आणखी काही बाया हात धूत उभ्या. पाहुणे येणार म्हणून त्यांनी अंगण शेणानं सारवलं होतं, आणि त्यासोबत माझा उतारही. वर रांगोळी.

"बाई, हे काय केलंत?"

"मोठे साहेब येऊन राह्यले ना! दार बिनसारवलं ठेवाचं काय?"

तेवढ्यात जीप आली. सर्जनसाहेब आत जाऊन टेबलामागे बसले. समोर चहा आला. "बोलवा त्याला," ते म्हणाले.

डोमाभाऊ अर्ध्यावर चढले आणि चाकं घसरली. पाट मागे अंगणात आला. दुसऱ्यांदाही तेच. न राहवून मी पाट धरायला धावलो.

"हात नोका लावू, साहेब," ते दबक्या आवाजात म्हणाले. "तुमी ढकललं तं नोकरी गेली माही."

मी हात मागे घेतला. आत साहेब घड्याळ बघत होते. भागरताबाईंच्या आता कुठे लक्षात आलं. त्या घराकडे पळाल्या, धानाच्या तुसाचं टोपलं घेऊन आल्या आणि रांगोळीसकट सगळ्या उतारावर ओतलं.

"आता चढा, भाऊ!"

चाकांनी तूस धरलं. पाट करकरत वर गेला. उंबरठ्यावर डोमाभाऊ थांबले. पुन्हा घसरतात की काय, म्हणून मी डोळेच मिटले. उघडले तेव्हा ते उंबरठ्याला लावलेला हात कपाळाला टेकवत होते. मग आतल्या उतारावरून जे सुटले, ते थेट साहेबांच्या टेबलावर आदळूनच थांबले.

साहेबांनी सांडलेला चहा रुमालानं पुसला.

"उद्यापासून या," ते म्हणाले. "पण जरा हळू या."

मी बाहेर अंगणातच बसकण मारली. पुढे नोकरीत पुष्कळ उतार बांधले. प्रत्येक उतार आधी शेणानं सारवून बघायचो. हे कोणत्या नियमात बसतं, असं वरिष्ठ विचारायचे. मी सांगायचो, नकाशातला उतार कोरडा असतो, साहेब, गावातला नसतो.