शाळेच्या ओट्यावरच्या पाठी

आमच्या खानदानात पहिली पदवी माझी. कारंज्याला एसटीनं जाऊन-येऊन मी बी.ए. केलं, आणि हे मी कुठंही ताठ मानेनं सांगते. मोठ्या मायचा, म्हणजे माझ्या थोरल्या काकूचा, ग्रामपंचायतीचा अर्ज मीच भरला. बायकांच्या राखीव जागेवर नाही, खुल्या जागेवर. गावाला खुपलं ते हेच.

"राखीव हाय ना तुमाले! आमच्यात कायले घुसता?" असं तोंडावर विचारत. बाप्यांनी बसून ती जागा बिनविरोध करायचं ठरवलं. मोठ्या बाबांनी, मोठ्या मायच्या नवऱ्यानं, मान डोलावली. अर्ज मागे घ्यायचा शेवटचा दिवस आला; मुदत दुपारी तीनपर्यंत, आणि मागे घ्यायची सही तिनं स्वतः तहसीलला जाऊन करायची.

मोठी माय मला म्हणाली, "गल्लीतल्या बाया शाळेपाशी आल्या तं उभी राहीन. एकटी नाही."

म्हणून मी सकाळीच निघाले. कापूस वेचणीचे दिवस. धुई एवढी दाट, की समोरचं दार दिसेना. पहिल्या घरापुढं उभी राहून हाक मारली, "कोणी आहे का?"

आतून बाईचा आवाज आला, "कोनी नाही घरी."

आमच्याकडं ही रीतच. घरचा कर्ता बाप्या बाहेर गेला, की बाई असंच उत्तर देते. लहानपणापासून ऐकलेलं. पण त्या सकाळी पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढच्याही घरी तेच. दारं दिसत नव्हती, नुसते आवाज. काकणं वाजत होती, चूल फुंकली जात होती, लेकरू कुरकुरत होतं आणि घरात कोणी नव्हतं.

एका दाराशी मी चिडलेच. "मंग तू कोन बोलून राह्यली?"

आतली काकणं थांबली. मग अगदी माझ्या कानाशी, फटीतून, "हळू बोल वं पदवीवाले. बुढा उठीन."

तरी दारोदार निरोप सांगितला. हो कोणी म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

दुपारी मोठी माय शाळेच्या ओट्यावर एकटी बसली होती. मोठे बाबा रस्त्यावर फटफटी घेऊन उभे. "चाल वं, तहसील बंद होईन."

तेवढ्यात वावरांकडून त्या आल्या. एकही बोलत नव्हती. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्या-तोंडाला दुपट्टा, नुसते डोळे उघडे. वेचणीला बाया जातात तशाच, पण कोण कुठली ते मलाही ओळखू येईना. मोठे बाबा भाऊकीत सगळ्यांत थोरले, म्हणून या सगळ्यांचे भासरे, थोरले दीर. भासऱ्याला तोंड दाखवायचं नाही, भासऱ्यानं जवळ यायचं नाही. त्यांना पाहताच सगळ्या पाठ करून ओट्यावर बसल्या. मधेच एकीनं आपला शर्ट उतरवून मोठ्या मायच्या अंगात घातला. दुसरीनं तिच्या तोंडाला दुपट्टा गुंडाळला. मग तीही पाठ करून बसली, आणि क्षणात त्यांच्यात मिसळून गेली.

मोठे बाबा पायरीपर्यंत येऊन थबकले. "अवं, कोन्ती हायेस तू? आवाज तं दे!"

पाठी हलल्या नाहीत. त्यांनी नावानं हाक मारावी, तर जन्मात कधी मारली नव्हती. या पाठीकडून त्या पाठीकडं बघत राहिले. मग माझ्याकडं वळले. "तू सांग ना पोरी. माई बाई कोन्ती?"

"तुमची बायको हाय, मोठे बाबा. तुमाले मालूम."

वारं पडलेलं. शर्टांना कापसाचे तंतू चिकटलेले. आत कोणी श्वास घेत असेल असंही वाटेना. मीच अधूनमधून मोबाईलवर वेळ बघत होते. तीन वाजून गेले, तेव्हा मोठे बाबा पायरीवरच खाली बसले होते.

"झालं," मी म्हणाले. "मोठी माय, ऊठ. उभी राह्यली तू."

कोणीच उठलं नाही. मी ओट्यावर चढून, मोठी माय समजून, एकीच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं हळूहळू मान वळवली. ती मोठी माय नव्हती.