पायाने दाबायची डबी

आमची वहिनी माझ्या भावाला अरे-तुरे करते आणि बिघडलेल्या रेडिओला अहो-जाहो. दुकानात कुणी बंद पडलेला स्पीकर आणून ठेवला, की आधी त्याच्यावरची धूळ पुसते आणि विचारते, "बोला, कुठं दुखतंय?" माझा भाऊ तापाने फणफणला होता तेव्हा मात्र म्हणाली होती, "पडून राहा गुपचूप, नाटकं करू नकोस."

दुकान आमचं दोघींचं. मधे पडदा. एका बाजूला माझं शिवणाचं मशीन, दुसऱ्या बाजूला तिचं दुरुस्तीचं टेबल. पडदा नावालाच, कारण मी दिवसभर बोलत असते आणि ती दिवसभर "हं" म्हणत असते. तिच्या बाजूला नियम एकच, तिच्या वडिलांचा. हे काम तिला त्यांनीच शिकवलं. दुरुस्तीला आलेली वस्तू म्हणजे पाहुणी, पाहुणीला पाय लावायचा नाही. चुकून कुणाच्या चपलेचा धक्का जमिनीवरच्या पंख्याला लागला, तरी ही असं बघते की त्या माणसाने पंख्याची माफीच मागावी. एकदा मी एका जुन्या टीव्हीवर पाय ठेवून बल्ब बदलला, तर दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. नणंदेशी अबोला धरायला कारणं का कमी असतात? पण हिला टीव्हीच सापडला.

तर आमचे एक गिऱ्हाईक, गिटारवाले दादा, आमच्याकडे तिसऱ्यांदा आले, तिथपासून सांगते.

त्यांच्याकडे एक लोखंडी डबी आहे, साबणाच्या वडीपेक्षा थोडी मोठी. गिटारची वायर एका बाजूने आत जाते, दुसऱ्या बाजूने निघून स्पीकरला जाते. डबी जमिनीवर ठेवायची आणि वाजवता वाजवता तिचं बटण पायाने दाबायचं. मग छेडलेला सूर एकदा वाजून थांबत नाही. थोड्या वेळाने परत येतो, मग परत, दर वेळी जरा हळू. बाकीच्यांना ही गंमत. दादांना ती गरज होती. आजारपणात त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं कायमची आखडली. उरलेल्या बोटांनी ते थोडेच सूर छेडतात, डबी ते सूर परत आणते, आणि मधल्या जागेत ते पुढचे सूर बसवतात. ऐकणाऱ्याला वाटतं, हात धडधाकट आहे.

ती डबी आता सूर परत द्यायची बंद झाली होती. छेडलेला सूर वाजायचा आणि पुढे शांत.

पहिल्या वेळी वहिनीने वायरी बदलल्या, आतले जोड साफ केले. टेबलावर गिटार लावून दादांनी वाजवून पाहिलं, ही अंगठ्याने डबीचं बटण दाबत होती. झकास. दादा खुशीत गेले, चार दिवसांनी परत आले. दुसऱ्या वेळी तिने दाबायचं बटणच नवं बसवलं. टेबलावर पुन्हा झकास, त्यांच्या सरावाच्या खोलीत पुन्हा मुकी.

आणि आता तिसरी वेळ. दुपारचं ऊन दारात, आणि दादांचा चेहरा उतरलेला.

"आज पाचला सराव आहे," ते म्हणाले. "आमच्या बँडच्या म्होरक्याने दुसरा गिटारवाला बोलावलाय. माझी डबी आज चालली नाही, तर शनिवारच्या कार्यक्रमात तो वाजवणार. आणि एकदा तो बसला की..."

"मग नवीन डबी घ्या ना!" मी पडद्याआडून ओरडले. राग माझ्या नाकावरच असतो.

"घेतली होती हो. तिचा सूर परत यायचा वेळ वेगळा, परत आलेला सूर कानाला लागतो तोही वेगळा. या डबीशी माझा हात जुळायला दोन वर्षं गेली. आता परत पहिल्यापासून..." त्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला.

वहिनीने डबी घेतली. "बोला," ती तिला म्हणाली, पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता. खालचं झाकण काढलं, भिंगातून पाहिलं, मीटर लावला, झाकण बसवलं. दादांनी सूर छेडला, हिने अंगठ्याने बटण दाबलं. सूर आला, परत आला, परत आला. एकदम गुणी बाळ.

"बघा!" वहिनी रडवेली झाली. "माझ्यासमोर काही होतच नाही यांना."

"आमच्या दुकानाचा लळा लागलाय की काय तिला?" मी पडदा बाजूला सारला. "दोनदा दुरुस्त करून दिलीस, दोनदा परत आली. आता त्या माणसाची जागा जायची वेळ आली, आणि तुझं आपलं अहो-जाहो चाललंय! कान धर जरा तिचा!"

तिने डबीवरची नसलेली धूळ पुसली. मला वाईट वाटलं, पण बोलून बसले होते. रागारागात जाऊन मशीनवर बसले, पाय मारला, आणि फट्! दोरा तुटला. हे मशीनही तसलंच. कारागीर येतो, चाक हाताने फिरवतो, म्हणतो, "ताई, छान चालतंय." हाताने फिरवलं की कधीच तुटत नाही. पायाने चालवलं की...

माझा पाय तिथल्या तिथे थांबला.

"वहिनी," मी म्हटलं, "तू डबी कशाने दाबतेस?"

"अंगठ्याने."

"आणि दादा, तुम्ही?"

"पायाने. पण इथे कसा..." त्यांनी वहिनीकडे पाहिलं.

वहिनीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्या वडिलांच्या फोटोलाच पाय लावायला सांगितलं होतं. "दुरुस्तीच्या वस्तूला पाय? आपल्याकडे?"

"अगं, टेबलावर नको, खाली ठेव! तिचा जन्मच पायाखाली जायला झालाय!"

तिने पदर खोचला. मग माझ्या कापडाचा एक तुकडा मागून घेतला, जमिनीवर पसरला, त्यावर डबी ठेवली आणि हळूच म्हणाली, "माफ करा हं." ते डबीला होतं की वडिलांना, कोण जाणे.

दादांनी बूट काढला. सूर छेडला आणि सगळा भार देऊन डबी दाबली. सूर वाजला. पुढे शांत.

"बिघडली!" वहिनी जागच्या जागी उडी मारून ओरडली. "अगं, बिघडली! बिघडली!" आणि तिने मला मिठी मारली. दादा गिटार धरून आमच्याकडे बघत राहिले. दोघींच्या डोक्यावर परिणाम झालाय, असंच त्यांना वाटलं असणार.

पुढचं काम मग तिच्या हातचा मळ. झाकण काढलं आणि माझ्या लाकडी पट्टीच्या टोकाने आतल्या सर्किटच्या पाटीवर इथे तिथे हलकेच दाबत गेली, दादा सूर छेडत राहिले. एका जागी दाबलं की सूर परत यायचा बंद. भिंगाखाली दिसलं, एका पार्टच्या पायाभोवतीचा कथलाचा टाका तडकला होता, केसाएवढा. माणसाचा भार पडला की झाकण वाकून पाटीला टेकायचं आणि टाका उघडायचा. अंगठ्याने काय होणार तिथे? वहिनीने तो टाका नव्याने घातला, शेजारचे दोन संशयित टाकेही घातले, आणि झाकण बंद केलं.

"आता दाबून बघायला हवं," ती म्हणाली आणि स्वतःची चप्पल काढली. मी शिवण सोडून बघायला उभी राहिले. डोळे मिटून तिने पाय ठेवला. सूर परत आला, आणि परत आला.

दुकान बंद करून आम्ही दोघी दादांबरोबर गेलो. बोलावलं कुणी नव्हतं, पण घरी बसवलं असतं का? सरावाच्या खोलीत तो दुसरा गिटारवाला गिटार मांडीवर घेऊन तयार होता. म्होरक्या ढोलामागे बसून काठ्या फिरवत होता. दादांनी न सांगता बूट काढला. मोज्याला अंगठ्याजवळ हे एवढं भोक! मी कपाळावर हात मारला. आधी कळलं असतं तर दुकानातच शिवून दिलं असतं.

त्यांनी पाय ठेवला आणि वाजवायला लागले. थोडे सूर त्यांचे, थोडे डबीने परत दिलेले, मधल्या फटीत पुन्हा त्यांचे. सगळे त्यांच्या हाताकडे बघत होते. वहिनी एकटी पायाकडे. माझा दंड तिने इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशीपर्यंत वळ होता. म्होरक्याच्या काठ्या फिरायच्या थांबल्या. मग तो दुसऱ्याकडे वळून म्हणाला, "शनिवारी ये हं तू. पहिल्या रांगेत खुर्ची ठेवतो, ऐकायला." तोही बिचारा हसला आणि गिटार पिशवीत घातली. माझा जीव भांड्यात पडला.

दादांनी पाय उचलला. हात पुसला. मग वहिनीला एवढंच म्हणाले, "ताई, पुढचं गाणं घ्यायचंय. पाय लावू ना?"

वहिनीने पदराने डोळे पुसले.

"लावा हो," ती म्हणाली. "चांगला जोरात लावा."