पुतळाबाईच्या बांधावरची जपानीण

चाकणच्या त्या भागात बिनकामाचं कुणी चालत नाही. माणसं शिफ्टला जातात, दळण आणायला जातात, म्हशीमागं जातात, तारखेला कोर्टात जातात. पण नुसतं चालायचं म्हणून पायांत बूट चढवणारं माणूस पुतळाबाईनं सत्तरी गाठेपर्यंत पाहिलं नव्हतं. त्यामुळं ती जपानीण पहिल्यांदा बांधावर दिसली, तेव्हाच पुतळाबाईचं डोकं सणकलं.

सणकायला कारणही होतं. तिच्या शेताच्या तिन्ही अंगांना आता कंपन्यांच्या भिंती होत्या आणि चौथ्या अंगाला कंटेनरचा रस्ता. त्या भिंतींच्या जागी एके काळी तिचेच कांदे पिकत. दर वेळी सुरुवात एकाच तऱ्हेनं झाली होती. टोपी घातलेलं कुणीतरी अनोळखी माणूस सहज आल्यासारखं बांधावरून फिरायचं, झाडं बघायचं, मग पाणी मागायचं. तिचा नवरा तात्याबा देवमाणूस, म्हणजे व्यवहारात शुद्ध भोळसट. तो विहिरीचं गार पाणी द्यायचा, वर गुळाचा खडा द्यायचा. गूळ खाऊन गेलेली माणसं पुढं मोजणीची साखळी घेऊन परत यायची.

तात्याबा गेला. उरली ती विहीर, तिच्यावर वाकलेला उंबर आणि मेथी-कोथिंबिरीपुरता तुकडा. तेवढा तुकडा मरेपर्यंत जाऊ द्यायचा नाही, हे पुतळाबाईनं मनाशी घट्ट धरलं होतं. जमीन मुलाच्या, गोरक्षच्या, नावावर तिनंच हौसेनं करून दिली होती. आपलाच पोरगा, त्याच्यापासून कसली भीती? चोर काय तो बाहेरून येणार.

आणि बाहेरून आली ही साचिको. पन्नाशीची, काडीसारखी बाई. जपानला कामाला जाऊ पाहणाऱ्या पोरांना ती एका कंपनीच्या क्लासात जपानी शिकवायची. पुतळाबाईची नात पुनम त्याच क्लासला होती. संध्याकाळी क्लास सुटला की बाई कापडी टोपी घालून निघायची. चहाची टपरी, कामगारांच्या पत्र्याच्या खोल्या, ओढा, असं करत थेट उंबराखाली. तिथं उकिडवी बसून मेथीच्या वाफ्याकडं बघत राहायची. मग बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालायची.

"आज्जी, त्या आमच्या बाई आहेत गं. नुसत्या फिरायला येतात," पुनम सांगायची.

"बिनकामाचं एक तर खुळं फिरतं, न्हाईतर मोजणीवालं. आन तुजी बाई खुळी दिसत न्हाई."

"त्या फक्त शिकवतात!"

"शिकवत आसंल. पोटात काय हाय ते कुनी बघितलंय?"

दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताक फुंकून पितं, हे खरं. पण पुतळाबाई स्वतः फुंकून थांबली नाही, तिनं वस्तीलाही फुंकायला लावलं. जपानीण जमीन हेरायला आलीय, ही बातमी तिनं दारोदार पोचवली. परवापर्यंत त्या बाईबरोबर हौसेनं फोटो काढणारी माणसं तिला बघून तोंड फिरवू लागली. ती डेअरीवर आली की दूध संपलेलं असायचं. एका घरानं तर तिची टोपी दिसली की कुत्रं मोकळं सोडायचा रिवाजच पाडला. पुनम रडली, भांडली. गोरक्षनं मात्र आईची पाठ थोपटली.

"बराबर हाय तुजं, आये. त्या बाईवर ध्यान ठेव," तो म्हणाला. पोरगा आपल्या बाजूचा आहे, या आनंदात म्हातारी डोळ्यांत तेल घालून बांध राखू लागली.

चैत्रातल्या एका रविवारी साचिको दुपारीच आली. चेहरा लालबुंद, ओठ सुकलेले. तिनं हात जोडले, विहिरीकडं बोट केलं आणि शिकून आलेला शब्द उच्चारला, "पाणी."

झालं! पुतळाबाईची खात्री पटली. तिनं पोहरा सोडला, पाणी शेंदलं, तांब्या भरला आणि तो घेऊन ती बाईच्या समोर उभी राहिली. साचिकोनं ओंजळ पुढं केली. तेव्हा तिच्या डोळ्यांत बघत म्हातारीनं सगळा तांब्या मातीत ओतला.

साचिको ओल्या मातीकडं बघत राहिली. मग कमरेत वाकून नमस्कार करून आल्या वाटेनं निघून गेली. तो नमस्कार पुतळाबाईला शिवीपेक्षा झोंबला. तहानेल्याला तिनं जन्मात कधी परतवलं नव्हतं. रात्री तिनं भाकरी तशीच झाकून ठेवली. पण तुकडा वाचला, असं म्हणत तिनं कूस बदलली. त्यानंतर बाई बांधावर आली नाही. रस्त्याच्या पलीकडून, कंटेनरचा धुरळा खात चालायची. पुनमनं आजीशी बोलणं टाकलं.

वैशाखात एका संध्याकाळी उंबराखाली गाडी थांबली. दोन माणसं उतरली आणि त्यांनी तीन पायांचं यंत्र मेथीत रोवलं. पुतळाबाई पदर खोचून धावली.

"गोरक्षा! मोजणीवालं आलं रं! हाकल त्यास्नी!"

गोरक्ष गाडीतूनच उतरला, मागोमाग कंपनीचा साहेब.

"आये, वरडू नगंस. मीच आनलंय त्यास्नी. येव्हार झालाय."

"कवा?"

"शिमग्यालाच."

शिमगा म्हणजे त्या तांब्याच्या आधी. म्हातारीला ते समजायला वेळ लागला नाही.

"मग त्या बाईवर ध्यान ठेव म्हनून का सांगत हुतास?"

गोरक्षनं मान खाली घातली. "तुजं ध्यान कुटंतरी गुतायला पायजे हुतं." मग साहेबांकडं बघत आवाज बदलून म्हणाला, "पानी आन साहेबांना."

कुंपणानंच शेत खाल्लं होतं आणि ती राखण करत बसली होती भलत्याच वाटेची. या जमिनीकडं नुसतं बघायला येणारं एकच माणूस होतं, त्याला तिनं कुत्र्यासारखं हाकललं होतं. तिला स्वतःची शिसारी आली.

तिनं पाणी शेंदलं, तांब्या भरला. पुढं झालेल्या साहेबाच्या हाताला वळसा घालून ती तशीच बांधाच्या टोकाला गेली. रस्त्यापलीकडं कापडी टोपी चालली होती.

"ओ बाई!" पुतळाबाईनं तांब्या उंच धरला. "पानी!"

साचिको थांबली. तिनं तांब्याकडं पाहिलं, कमरेत वाकून नमस्कार केला आणि पुढं चालू लागली.

"आये," मागून गोरक्ष ओरडला, "साहेब थांबल्यात."